नामांतरावरची हरकत कागदावर उतरवताना

नाव बदलायची बातमी आली की पहिले चार-पाच दिवस नुसतं बोलणं चालतं. मग कुणीतरी विचारतं, "हे सगळं लिहून द्यायचं कुठे?" आमचं काम तिथून सुरू होतं. एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी होत होतं तेव्हा, औरंगाबाद जिल्ह्याच्या नावावर हरकती मागवल्या तेव्हा आणि मुंबईतल्या इंग्रजी नावांच्या स्थानकांची यादी निघाली तेव्हा आम्ही लोकांना अर्ज लिहायला मदत केली. बाजूचे अर्जही लिहिले आणि विरोधातलेही. ज्याला जे म्हणायचं आहे ते त्याच्याच शब्दांत, पण सरकारी कागद ज्या भाषेत वाचला जातो त्या चौकटीत बसवून द्यायचं, एवढंच धोरण ठेवलं.

समोर माणूस बसला की आम्ही पहिला प्रश्न विचारतो: कशाचं नाव? लोकांना हा प्रश्न विचित्र वाटतो. त्यांच्या दृष्टीने नाव एकच असतं. सरकारच्या दृष्टीने एका गावात सहा-सात वेगळी नावं असतात आणि प्रत्येकाची फाईल वेगळी. शहर वेगळं. गाव, तालुका, उपविभाग, जिल्हा आणि महसूल विभाग हे वेगळे. महानगरपालिकेचं नाव वेगळं, रेल्वे स्थानकाचं वेगळं, विमानतळाचं वेगळं, विद्यापीठाचं तर थेट कायद्यातलं. रस्ता किंवा चौक असेल तर तो पालिकेच्या अखत्यारीत. मुंबईत १८८८ च्या महापालिका कायद्याखाली. यातल्या कोणत्या नावाबद्दल तुम्ही बोलताय ते पहिल्या ओळीत नसेल, तर पुढचं पानभर कितीही पोटतिडकीने लिहिलं तरी ते कोणत्या फाईलला लावायचं हे कारकुनाला कळत नाही.

औरंगाबादच्या वेळी नेमकी इथेच गफलत झाली. २४ फेब्रुवारी २०२३ ला केंद्राच्या संमतीनंतर शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर केल्याची अधिसूचना निघाली. ती अंतिम होती. त्याच दिवशी विभाग, जिल्हा, उपविभाग, तालुका आणि गाव यांच्यासाठी निघालेली अधिसूचना मात्र प्रारूप, म्हणजे कच्ची होती, आणि तिच्यावर २७ मार्चपर्यंत हरकती व सूचना मागवल्या होत्या. कारण महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४ मध्ये पूर्वप्रसिद्धीची, म्हणजे निर्णयाआधी मसुदा जाहीर करण्याची अट आहे. शहराच्या नावाला तसा टप्पा नव्हता. लाखांच्या घरात अर्ज गेले, आणि आम्ही पाहिलेल्या कच्च्या अर्जांपैकी बहुतेकांत "आमच्या शहराचं नाव" असंच लिहिलेलं होतं. म्हणजे ज्यावर विचारलंच नव्हतं त्यावर उत्तर. आम्ही प्रत्येक अर्जाच्या विषयात "जिल्हा, उपविभाग, तालुका व गाव यांच्या नामांतराबाबतच्या प्रारूप अधिसूचनेवर हरकत" (किंवा "सूचना") असं घालून घेतलं आणि संदर्भात अधिसूचनेचा क्रमांक व दिनांक राजपत्रातून उतरवून लिहिला. वर्तमानपत्रातल्या बातमीवरून क्रमांक घेऊ नये. एक आकडा चुकला तरी अर्ज संदर्भाविना राहतो.

स्थानकाचं प्रकरण आणखी वेगळं आहे. रेल्वे स्थानकाच्या नामांतरात लोकांकडून हरकती मागवण्याची कायद्याने ठरवून दिलेली पायरी नाही. राज्य सरकार प्रस्ताव करतं, तो केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो, तिथे रेल्वे, टपाल खातं आणि भारतीय सर्वेक्षण विभाग यांचं मत घेतलं जातं, ना-हरकत आली की राज्य अधिसूचना काढतं आणि मग रेल्वे आपल्या नोंदी बदलते. छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या नावात "महाराज" घालण्याचा आणि एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी करण्याचा ठराव विधिमंडळात डिसेंबर २०१६ मध्ये झाला. पहिला बदल २०१७ च्या मध्यावर अमलात आला, दुसऱ्याची पाटी जुलै २०१८ मध्ये लागली. ठराव एका वेळचे, पाट्यांमध्ये वर्षाचं अंतर. मधल्या काळात लोक आम्हाला विचारत, "मुदत कधी संपते?" मुदत नव्हतीच. अशा वेळी हरकत नव्हे, निवेदन द्यायचं असतं आणि ते प्रस्ताव राज्याकडे असतानाच द्यायचं. राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाला, एक प्रत स्थानिक आमदाराला, एक गृह मंत्रालयाला. पाटी लागल्यावर दिलेल्या निवेदनाला उत्तर येतं ते एका ओळीचं: निर्णय झालेला आहे.

निवेदनाला आधार काय द्यायचा? इथे गृह मंत्रालयाची १९५३ ची मार्गदर्शक तत्त्वं उपयोगी पडतात आणि ती फारच कमी लोकांना माहीत असतात. मतितार्थ असा: लोकांच्या सवयीची झालेली नावं होता होईतो बदलू नयेत, इतिहासाशी जोडलेली नावं शक्यतो राखावीत, निव्वळ स्थानिक अभिमान किंवा भाषिक कारण पुरेसं धरू नये, नवं नाव सुचवताना राज्याने सविस्तर कारणं द्यावीत, आणि त्याच राज्यात किंवा शेजारी त्याच नावाचं दुसरं ठिकाण असून घोटाळा होईल असं नाव देऊ नये. ही तत्त्वं कायदा नाहीत, सरकार त्यांच्या पलीकडे जाऊ शकतं आणि गेलेलंही आहे. तरीही अर्जात तत्त्वाचा उल्लेख असला की अधिकाऱ्याला त्या मुद्द्याला उत्तर लिहावं लागतं. "आम्हाला वाईट वाटतं" याला उत्तर लिहावं लागत नाही. आमच्या मते ही मोठी उणीव आहे, कारण बहुतेक लोक वाईट वाटतं किंवा समाधान वाटतं म्हणूनच येतात आणि ते वाटणं खरं असतं. पण अर्ज चालायचा तर त्या वाटण्याचं कारण शोधून काढावं लागतं.

त्यासाठी आम्ही माणसाला पंधरा-वीस मिनिटं बोलू देतो. लिहीत काही नाही. पहिल्या पाच मिनिटांत वर्तमानपत्रात वाचलेली, पुढाऱ्याच्या भाषणात ऐकलेली वाक्यं येतात. ती संपली की माणूस स्वतःचं बोलू लागतो. समर्थनाच्या अर्जांत संभाजी महाराजांना १६८९ मध्ये औरंगजेबाने दिलेल्या मृत्यूची वेदना असते. त्याच बादशहाचं नाव रोज पत्त्यात लिहावं लागतं हे अनेकांना मनापासून सलत होतं. विरोधाच्या अर्जांत बादशहाविषयी प्रेम क्वचितच सापडलं. तिथे जन्माचा दाखला, वडिलांची कबर, शाळा सोडल्याचा दाखला, आपल्या वस्तीकडे लोक आता कोणत्या नजरेने पाहतील ही भीती, असं काय काय होतं. तिसरा एक गटही होता: मलिक अंबरने १६१० च्या सुमारास वसवलेलं खडकी हेच नाव परत द्या म्हणणारा. दोन्ही बाजूंच्या गदारोळात या तिसऱ्या गटाला कुणी विचारलं नाही, पण कागदावर त्यांचे अर्ज सर्वांत नेटके होते. नाव कोणतं, कुठल्या काळातलं, का, हे तिन्ही त्यांच्याकडे तयार होतं.

अर्जाचा साचा आम्ही असा ठेवला. एका पानापेक्षा जास्त नाही. वर दिनांक, प्रति, विषय, संदर्भ. पहिल्या परिच्छेदात आपण कोण, कुठे राहतो, किती वर्षं. दुसऱ्यात भूमिका एका वाक्यात: विरोध, समर्थन किंवा बदलासह समर्थन. त्यापुढे कारणं, जास्तीत जास्त तीन, प्रत्येकाला क्रमांक आणि प्रत्येकात एकच मुद्दा. एका क्रमांकाखाली इतिहास, खर्च आणि भावना एकत्र कोंबल्या तर सगळ्या अर्जांचा गोषवारा करणारा कर्मचारी त्यातला पहिला मुद्दा उचलतो आणि उरलेले दोन गळतात. हे आम्ही नंतर माहिती अधिकारात मिळालेल्या गोषवाऱ्यात स्वतः पाहिलं. शेवटी मागणी: नेमकं काय करावं. विचार व्हावा ही विनंती पुरेशी नाही. "जिल्ह्याचं नाव आहे तेच ठेवावं" किंवा "अमुक नाव द्यावं", असं स्पष्ट हवं. खाली सही, पूर्ण नाव, पूर्ण पत्ता.

"बदलासह समर्थन" हा रकाना लोकांच्या ध्यानातच येत नाही, आणि खरं तर तिथे बोलण्यासारखं खूप असतं. उदाहरणार्थ नावाचं लेखन. स्थानकाच्या पाटीवर मराठीबरोबर हिंदी आणि इंग्रजीही येते. मराठीत "छत्रपती" मधली ती दीर्घ, हिंदीत ऱ्हस्व. इंग्रजी स्पेलिंग कोणतं ठेवायचं यावर नंतर वाद होण्यापेक्षा अधिसूचनेतच ते नेमकं यावं, अशी सूचना आम्ही अनेक अर्जांत घातली.

नावाची लांबी हा असाच दुसरा मुद्दा, आणि आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित. बोरीबंदरच्या जागी उभ्या राहिलेल्या स्थानकाला १८८७ मध्ये राणीच्या सुवर्णमहोत्सवात व्हिक्टोरिया टर्मिनस नाव मिळालं; लोकांच्या तोंडी ते व्हीटी झालं. १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं; तोंडी सीएसटी उरलं. नुसतं शिवाजी म्हणणं योग्य नाही ही लोकांची भावना होती, म्हणून २०१७ मध्ये महाराज हा शब्द जोडला; तोंडी सीएसएमटी झालं. रेल्वेच्या संगणकातलं संकेतनामही सीएसटीएमचं सीएसएमटी झालं. ज्या राजाचं नाव उच्चारलं जावं म्हणून एवढा खटाटोप केला, त्याचं नाव प्लॅटफॉर्मवर फक्त उद्घोषणेत पूर्ण ऐकू येतं. ज्यांनी समर्थन दिलं त्यांनाच याचं जास्त दुःख होतं, आणि त्यांच्या अर्जांत आम्ही ते स्वच्छ लिहिलं: नाव असं द्या की ते तोडता येणार नाही. प्रभादेवीला आद्याक्षरं लागली नाहीत. धाराशिवलाही लागत नाहीत. चार-पाच अक्षरांचं नाव माणूस पूर्ण बोलतो.

आता चुका. ऐतिहासिक कारण देणाऱ्या अर्जांपैकी फार मोठ्या भागात एखादी ठळक चूक असते, आणि ती सापडली की बाकीचा अर्जही संशयाने वाचला जातो. एल्फिन्स्टन रोडच्या वेळी विरोधाच्या निवेदनांत "शिक्षणाचा पाया घालणाऱ्या एल्फिन्स्टनचं नाव पुसू नका" असं वारंवार यायचं. तो एल्फिन्स्टन वेगळा. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता, कॉलेजला त्याचं नाव आहे. स्थानकाला ज्याचं नाव होतं तो लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन, १८५३ ते १८६० मधला गव्हर्नर. समर्थनाच्या बाजूलाही अशाच चुका. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या घुमटावर राणीचा पुतळा आहे, तो काढा, अशी मागणी आम्ही कितीदा तरी कापली. घुमटावरची ती स्त्री-आकृती प्रगतीचं प्रतीक आहे, हातात मशाल घेतलेली. ती राणी नाही.

चर्नी रोडचं उदाहरण यात सर्वांत शिकवणारं आहे. २०२४ मध्ये राज्याने मंजूर केलेल्या यादीत करी रोडचं लालबाग, सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, मरीन लाइन्सचं मुंबादेवी, चर्नी रोडचं गिरगाव, कॉटन ग्रीनचं काळाचौकी, डॉकयार्ड रोडचं माझगाव आणि किंग्ज सर्कलचं तीर्थंकर पार्श्वनाथ असे बदल आहेत. यादीकडे पाहिलं की सगळी नावं इंग्रजांची वाटतात. सँडहर्स्ट खरंच गव्हर्नर होता, १८९५ ते १९००. पण चर्नी म्हणजे चरणी, गुरं चारायची कुरणं, अशी त्या नावाची रूढ व्युत्पत्ती आहे. इंग्रजी फक्त "रोड" एवढंच. गिरगावकरांपैकी काहींना हे माहीत होतं आणि त्यांनी गिरगाव या नावाला विरोध न करता "वसाहतीचं नाव" हे कारण तेवढं चुकीचं असल्याचं लिहून दिलं. असा अर्ज आम्हाला फार मोलाचा वाटतो. निर्णय बदलो न बदलो, नोंद बरोबर राहते.

याच यादीवर आणखी एक धडा मिळाला. ज्या स्थानकाला आजूबाजूच्या वस्तीचंच नाव देऊ केलं होतं, तिथे प्रतिक्रिया सौम्य होत्या. लालबागला उतरणारा माणूस लालबागच म्हणतो. वस्तीपासून दूरचं किंवा व्यक्तीचं नाव आलं की प्रश्न वाढतात. मुंबादेवीचं मंदिर भुलेश्वर-झवेरी बाजाराच्या बाजूला आहे, तिकडे मशीद स्थानकावरूनही लोक जातात. मग नवखा माणूस कुठे उतरणार? हा प्रश्न भावनेचा नाही, वाटेचा आहे, आणि म्हणूनच फाईलवर टिकतो. डोंगरी नावाचं गाव भाईंदरच्या बाजूलाही आहे. सारख्या नावाचा असा दाखला मिळाला तर तो अर्जात पहिल्या क्रमांकावर घ्यावा, कारण टपाल आणि रेल्वे खात्याला नेमकं तेच तपासायचं असतं.

खर्च आणि कागदपत्रं याबद्दल थोडक्यात. "माझा सातबारा, आधार, पासपोर्ट, सगळं बदलावं लागणार" हे कारण जवळपास प्रत्येक विरोधी अर्जात असतं आणि ते टिकत नाही. जुन्या नावाचे कागद नामांतराने रद्द होत नाहीत, पिनकोड बदलत नाही. हे ऐकून निम्मे लोक तो मुद्दा स्वतःच काढून टाकतात. ज्यांचा व्यवसाय नावाच्या पाटीवर, छापील पिशव्यांवर, परवान्यावर चालतो त्यांनी मात्र ठोकळ भाषा न वापरता काय काय पुन्हा छापावं लागेल ते मोजून लिहावं.

अर्ज दाखल करणं हा भाग सोपा समजला जातो आणि तिथेच सर्वांत जास्त अर्ज वाया जातात. दोन प्रती न्यायच्या. एक कार्यालयाच्या टपाल शाखेत द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, दिनांक आणि शिक्का घ्यायचा. नुसता शिक्का मिळाला तर थांबून क्रमांक मागायचा. क्रमांकाशिवाय नंतर काही शोधता येत नाही. पोस्टाने पाठवायचं तर पोचपावतीसह, आणि मुदतीच्या किमान आठ दिवस आधी. अधिसूचनेत शब्द असतो "प्राप्त होणाऱ्या हरकती". पोस्टात टाकल्याची तारीख धरत नाहीत. शेवटच्या दोन दिवसांत गठ्ठेच्या गठ्ठे येतात, खिडकीवर रांग लागते, आणि अशा गर्दीत एका गठ्ठ्याला एकच आवक क्रमांक मिळण्याचा धोका असतो. आम्ही मदत केलेल्यांपैकी काहींचे अर्ज असेच दुसऱ्याच्या गठ्ठ्यात गेले आणि त्यांची स्वतंत्र नोंद कुठेच राहिली नाही. तेव्हापासून आम्ही प्रत्येकाला पहिल्या दोन आठवड्यांतच जायला सांगतो.

छापील नमुन्यांबद्दल स्पष्ट सांगायला हवं. दोन्ही बाजूंच्या संघटना नमुने वाटतात: नाव लिहा, सही करा. संख्या दाखवायला ते उपयोगी असतात. पण गोषवाऱ्यात एकाच मजकुराच्या हजार अर्जांसमोर कारण एकच लिहिलं जातं. शिवाय त्यात एकाच हस्ताक्षरातल्या सह्या, पत्ता नसलेली पानं, एकाच घरातून दोनदा आलेले अर्ज सापडले की दुसरी बाजू पूर्ण गठ्ठ्यावर शंका घेते. नमुन्यावर सही केली असेल तरी चालेल, त्याच्या खाली स्वतःच्या हाताने स्वतःचं एक कारण दोन ओळींत लिहा, एवढं आम्ही आवर्जून सांगत आलो. ज्यांनी लिहिलं त्यांचे अर्ज वेगळे मोजले गेले असतील का, ठाऊक नाही, पण ते वाचताना त्यामागचा माणूस दिसतो.

मुदत संपल्यावर शांतता असते. औरंगाबादच्या बाबतीत अंतिम अधिसूचना १५ सप्टेंबर २०२३ ला आली, म्हणजे जवळपास सहा महिन्यांनी. नामांतराविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने ८ मे २०२४ ला फेटाळल्या आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप नाकारला. याच शहरासाठी १९९५ मध्येही प्रारूप अधिसूचना निघाली होती. ती न्यायालयात अडकली आणि २००१ मध्ये मागे घेतली गेली. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ चा आणि प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. मधल्या वर्षांत माणसांनी जीव गमावले, घरं जळाली. त्यामुळे एका अर्जाने लगेच काही होईल अशी आशा आम्ही कुणाला दाखवत नाही, आणि निर्णय झाला म्हणून कागद फेकूनही देऊ देत नाही.

कारण त्यानंतर माहिती अधिकाराचा अर्ज करायचा असतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे दीडशे शब्दांच्या आत. मागायचं ते तीन गोष्टी: प्राप्त हरकती व सूचनांचा गोषवारा, त्यावरचे अभिप्राय, आणि शासनाला पाठवलेला अहवाल. "माझ्या हरकतीचं काय झालं" असं विचारू नये. तो प्रश्न आहे, माहिती नाही, असं उत्तर येतं. आवक क्रमांक देऊन "या क्रमांकाच्या अर्जावरील नोंदीची प्रत" मागावी. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील. मिळालेल्या गोषवाऱ्यात आपलं कारण शब्दशः नसेल, सरकारी भाषेत दोन ओळींत आवळलेलं असेल. ते आपण लिहिलेल्या कारणाशी जुळतं का, एवढं ताडून पाहायचं. जुळत नसेल तर अपिलात तेवढाच मुद्दा घ्यायचा आणि सोबत शिक्क्याची प्रत जोडायची. ती प्रत झेरॉक्स न देता मूळ देणारे नंतर पस्तावतात. मूळ घरी ठेवावी.